सायकल जड चालायली? आधी छर्रे बघा!

मिक्सरचं भांडं जड फिरायला लागलं की आपण लगेच बुश बघायला देतो. शिवणयंत्राला महिन्याकाठी तेलाचे चार थेंब न चुकता घालतो. कुकरची शिट्टी नीट होईना, तर त्याच दिवशी नवी रिंग आणतो. घरातल्या प्रत्येक यंत्राची तब्येत गृहिणीला ठाऊक असते. पण दाराबाहेर भिंतीला टेकून उभी असलेली सायकल? तिच्याकडे लक्ष जातं ते फक्त पंक्चर झाल्यावर. एरवी ती ऊन खाते, पाऊस खाते, धूळ खाते आणि मुकाट चालत राहते. मग एक दिवस चालेनाशी होते आणि घरात एकच निकाल लागतो, “जुनी झाली, भंगारात देऊन टाका!”

मैत्रिणींनो, हा निकाल देण्याआधी जरा थांबा. दहांतल्या कितीतरी सायकलींचा दोष सांगाड्यात नसतोच. तो असतो चाकाच्या पोटात दडलेल्या, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढ्या पोलादी गोळ्यांत. सायकलवाले त्यांना छर्रे म्हणतात. दुकानातल्या सगळ्या सुट्या भागांत स्वस्त भाग कोणता, तर हाच.

प्रश्न नुसत्या सायकलचा नाही

लातूर-नांदेड रस्त्यावरचं चाकूर हे लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नळेगाव, जानवळ, वडवळ नागनाथ ही तालुक्यातली मोठी गावं, आणि त्यांच्या आसपास किती लहान गावं आणि वस्त्या! अशा भागात आठवी-दहावीच्या मुलीची शाळा दोन-चार किलोमीटरवर असली, की मधला सगळा भरवसा सायकलवर. उन्हाळ्यात पाणी आटलं की तीच सायकल पाणी वाहते. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा लिटरचे कॅन अडकवले की झाले तीस किलो. शाळेचं दप्तर, दळणाचा डबा, शेतातली भाजी, सगळं तिच्याच पाठीवर.

अशा घरी हा संवाद काही नवा नाही.

“आई, सायकल लई जड चालायली गं.”

“अगं मग हवा भरून घे की!”

हवा भरली तरी जड ती जडच. चार दिवसांनी लेक म्हणते, पाय दुखायलेत. आठ दिवसांनी ती मैत्रिणीच्या मागं बसून जाते. मैत्रीण आली नाही, त्या दिवशी शाळा बुडते. आणि बुडालेले दिवस वाढले की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “एवढ्या लांब कशाला पाठवायचं पोरीला?” गोष्ट छर्‍यांपासून सुरू झाली होती आणि येऊन थांबली शिक्षणावर!

ही अतिशयोक्ती नव्हे. बिहार सरकारने 2006 साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव असलेल्या मुलींचं प्रमाण या योजनेमुळे 32 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. ही वाढ मुख्यतः कुठं झाली, तर जिथं शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती तिथं. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991च्या सुमाराला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची लाट आली. कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी ती उचलून धरली आणि लाखभर ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तर बायका सरळ दांडीच्या सायकली घेऊन निघाल्या! आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. 2011 साली हा कार्यक्रम 125 तालुक्यांत नेण्यात आला होता.

सायकल मिळाली, फार चांगलं झालं. पण ती चालती ठेवायची कुणी? ते आपल्यालाच शिकायला हवं.

चाकाच्या पोटात असतं तरी काय?

चाकाच्या मधोमध जो जाड नळा असतो तो हब. त्याच्या आरपार जाणारी लोखंडी सळई म्हणजे आस. आस चिमट्याला घट्ट बांधलेला असतो, तो फिरत नाही. फिरतो तो हब. या दोघांमध्ये प्रत्येक बाजूला छर्‍यांचं एक कडं असतं. हबच्या टोकाला आतून वाटीसारखा खोलगट भाग असतो, तो कप. आसावर भोवऱ्याच्या टोकासारखा निमुळता भाग फिरवून बसवतात, तो कोन. कप आणि कोन यांच्या मध्ये छर्रे लोळत राहतात, म्हणून चाक हलकं पळतं.

ही युक्ती दीडशे वर्षांपूर्वीची. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या कारागिराने 1869 साली सायकलीच्या छर्‍यांचं पेटंट घेतलं. नंतर सायकली कितीतरी बदलल्या. पण आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीत कप, कोन आणि छर्रे आजही तसेच आहेत.

आपल्या आजीचं जातं आठवा. त्याचा दगड गुळगुळीत झाला की दळण नीट होत नसे, मग टाकी लावून तो पुन्हा खडबडीत करून घ्यायचा. सायकलचं नेमकं उलट. इथं कप आणि कोन आरशासारखे गुळगुळीत हवेत. खडबडीत झाले, की आपली सायकलच दळण दळायला लागते, आणि पीठ पडतं ते पोलादाचं!

हा खडबडीतपणा येतो कुठून? आपल्या भागातली काळी माती त्याला मोठी कारण. उन्हाळ्यात तिची धूळ ग्रीसमध्ये मिसळते. पावसाळ्यात तिचा चिखल चाकाला चिकटतो आणि पाणी आत शिरतं. मग ग्रीस धुऊन जातं, गंज धरतो. एखादा छर्रा फुटला की त्याचा चुरा बाकीच्यांना खातो. कोन वरवर टणक असतो. पोलाद तापवून त्याच्या कातडीला तेवढा टणकपणा दिलेला असतो. ती कातडी एकदा सोलली की आतलं मऊ लोखंड भराभर झिजतं. म्हणून खड्डे पडलेला कोन घासून-पुसून नीट होत नाही, बदलावाच लागतो.

दोष ओळखायचा कसा?

यासाठी हत्यार लागत नाही. पाच मिनिटं आणि आपले दोन हात पुरेत.

पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि हलकेच फिरवून सोडा. चांगलं चाक थांबताना झोपाळ्यासारखं मागं-पुढं हलतं आणि जड बाजू, बहुधा हवेचा वॉल, खाली घेऊन स्थिर होतं. झोका न घेता चाक मध्येच गपकन थांबलं, तर कोन जास्त आवळलेत किंवा आत कचरा आहे. मात्र ब्रेकचा रबर रिमला घासत नाही ना, एवढं आधी बघून घ्या.

आता रिम धरून चाक डावी-उजवीकडे हलवा. खडखड लागली तर कोन सैल झालेत किंवा झिजलेत. मग एक हात चिमट्यावर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवा. हाताला रवाळ कुरकुर जाणवली की समजा, छर्रे गेले.

पायडलचा आस तपासायचा तर दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, दोन हातांत धरून आडवे हलवा. दोन्ही एकदम हलले तर मधल्या आसाचे छर्रे किंवा कप सैल आहेत. दुकानात याला ‘बीबी’ म्हणतात. एकच दांडा हलला आणि दुसरा जागेवर राहिला, तर छर्‍यांचा दोष नाही, त्या दांड्याची कॉटर पिन सैल आहे. हा फरक लक्षात ठेवा, म्हणजे कॉटरच्या कामाला बीबीचे पैसे जायचे नाहीत.

हँडलचं कसं बघायचं? पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं ढकला. मानेशी ‘टक्‌’ असा धक्का लागला तर हँडलचे कप सैल आहेत. हँडल वळवताना बरोबर मध्यावर अडकल्यासारखं वाटलं, तर तिथं छर्‍यांनी खड्डे पाडलेत.

पुढचं चाक किंवा हँडल सैल असेल तर दुरुस्ती होईपर्यंत मुलीला त्या सायकलवर पाठवू नका. उताराला किंवा हायवेच्या कडेला चाक डुगडुगलं, तर सायकल हातात राहत नाही.

पुढचं चाक घरीच करून बघा

पहिल्या खेपेला पुढचंच चाक घ्या. त्याला चेन नाही, फ्रीव्हील नाही, म्हणून ते सोपं. रविवारी दुपारी लेकीला बरोबर घ्या, मुलालाही घ्या.

साहित्य: नटांना बसणारे दोन पाने, जुनी परात, सुती चिंध्या, जुना दात घासायचा ब्रश, थोडं रॉकेल, ग्रीसची छोटी डबी आणि नवे छर्रे. रेशनचं रॉकेल आता पूर्वीसारखं मिळत नाही. थोडं डिझेलही चालतं. पेट्रोल मात्र वापरू नका, ते भडकन पेट घेतं. काम अंगणातच करा. चूल, गॅस आणि देवापुढचा दिवा यांपासून लांब. आणि ती परात पुन्हा स्वयंपाकात नको!

सायकल पोत्यावर उलटी उभी करा. नट काढण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मडगार्डची काडी आत की वॉशर आत, हे नंतर हमखास आठवत नाही. चाक निघालं की ते परातीत चिंध्यांवर आडवं धरा. एकाच बाजूचा कोन सैल करा, दुसरा आसावर तसाच राहू द्या, म्हणजे परत बसवताना आस मध्यभागी येईल. आस हळूच ओढला की छर्रे टपटप परातीत पडतील. काही जुन्या ग्रीसमध्ये अडकून राहतील, ते काडीने काढा.

आता मोजा. साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या हबमध्ये बहुधा प्रत्येक बाजूला दीड सुती, म्हणजे 3/16 इंचाचे दहा छर्रे असतात. मागच्या हबमध्ये दोन सुती, म्हणजे पाव इंचाचे नऊ. पण आपल्या सायकलमधून निघालेल्या संख्येवर डोळे झाकून विसंबू नका, एखादा आधीच पडलेला असू शकतो. कप छर्‍यांनी भरल्यावर एका छर्‍याला जेमतेम कमी पडेल एवढी फट उरली पाहिजे, हा खरा हिशेब. ठासून भरले तर ते एकमेकांना घासतात. काही चाकांत छर्रे पत्र्याच्या जाळीत बसवलेले असतात. तसे असतील तर अख्खी जाळी बदला आणि कोणती बाजू आत होती ते बघून ठेवा.

सगळं रॉकेलमध्ये ब्रशने घासा, कोरडं पुसा आणि उजेडात बघा. छर्रा आरशासारखा चमकला पाहिजे. काळवंडलेला, टवका उडालेला टाकून द्या. खरं तर छर्रे सगळेच नवे घाला. दोन-तीन बदलून बाकी जुने ठेवायची काटकसर महागात पडते. जुने छर्रे झिजून केसभर लहान झालेले असतात. मग सगळं ओझं नव्यांवर येतं आणि तेही लवकर जातात. जुना छर्रा नमुन्याला दुकानात नेला म्हणजे मापाची चूक होत नाही.

कोनावर छर्‍यांच्या वाटेचा चकचकीत पट्टा दिसेल. पट्टा गुळगुळीत असेल तर काळजी नाही. त्यावरून बॉलपेनचं टोक फिरवा. कुठं अडकलं, देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले, तर कोन बदला. तीच परीक्षा कपाची. कपाला खड्डे असतील, तर काम घरचं राहिलं नाही. कप बदलायचा की हब, हे दुकानात विचारावं लागेल.

सगळं ठीक असेल तर कपात बोटाने ग्रीस भरा आणि पेढ्यावर चारोळी लावावी तसे एकेक छर्रे त्यात बसवा. ग्रीसच त्यांना धरून ठेवतं. आस घाला, कोन हाताने पूर्ण आवळा आणि मग साधारण पाव फेरी मागं घ्या. खडखड नको आणि अडखळणंही नको, अशी जागा सापडेपर्यंत एकदा इकडं, एकदा तिकडं करावं लागतं. शेवयांच्या पिठाचा हात जसा सरावाने बसतो, तसाच हाही बसतो. नट घट्ट केल्यावर पुन्हा तपासा, कारण नट आवळताना कोनही थोडा सरकतो. चाक झोपाळ्यासारखं हललं की काम झालं!

तेलाविषयी दोन शब्द

घरात तेल आहे म्हणून तेच हबमध्ये ओतायचं, असं करू नका. करडईचं तेल आपल्या मराठवाड्याचं खास, जेवणात उत्तम. पण हवेवर ते वाळतं आणि त्याचा चिकट पापुद्रा धरतो. म्हणून तर ते रंग-रोगणात वापरतात. खोबरेल थंडीत गोठतं. छर्‍यांना ग्रीसच हवं. चेनला पातळ मशीन तेल, तेही थेंब-थेंब, आणि वरचं पुसून टाकायचं, नाहीतर धूळ चिकटते.

सायकल धुताना पाइपचा जोराचा फवारा हबवर मारू नका. चिखल बाहेर येण्याऐवजी आत जातो. ओल्या फडक्याने पुसा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या साफसफाईत, छर्रे तपासायची सवय लावली की झालं. नवी सायकल आली तरी महिनाभरात एकदा कोन बघून घ्या. घाईत जोडलेल्या सायकलीत कोन जास्त आवळलेले आणि ग्रीस बेताचंच असू शकतं.

दुकानात काय द्यायचं, काय विचारायचं?

मागचं चाक, बीबी आणि हँडल ही कामं मिस्त्रीकडे द्या. फ्रीव्हीलच्या पोटात तर एक सुती बारीक छर्‍यांची गर्दी असते आणि त्याचं झाकण उलट्या आट्यांचं असतं. ते खोलत बसण्यापेक्षा बिघडलं तर नवं बसवलेलं बरं. पण सायकल टाकून निघून येऊ नका. पाच मिनिटं स्टुलावर बसा आणि एवढंच बोला:

“भाऊ, छर्रे सगळे नवे घाला, जुन्यात मिसळू नका.”

“काढलेले कोन मला दाखवा बरं.”

“कपाला खड्डे हायत का? हब बदलायचा का नुसता कप?”

“छर्रे, कोन आणि मजुरी, वेगवेगळं सांगा.”

चांगला मिस्त्री अशा बोलण्यावर रागावत नाही, उलट खूष होतो. “अक्का, तुम्हाला समजतंय की सगळं!” म्हणून नीट दाखवतो.

आता, सायकल ठेवायची की काढायची? छर्रे आणि कोन गेले असतील तर बिनधास्त दुरुस्त करा. आस वाकला असेल तरी करा. हब गेला तर सगळ्या आऱ्या काढून चाक नव्याने बांधावं लागतं. तेव्हा तयार चाकाची किंमत विचारून तुलना करा. पण सांगाड्याला भेग गेली असेल किंवा चिमटा वाकला असेल, तर त्या सायकलवर पैसा घालू नका आणि मुलांना बसवूही नका.

सायकल जुन्या कंपनीची आहे, आता भाग कुठून मिळणार, अशी धास्तीही नको. 1951 साली सोनिपतला सुरू झालेल्या ॲटलसचा शेवटचा कारखाना 2020च्या जूनमध्ये बंद पडला. तरी साध्या काळ्या सायकलचे छर्रे, कोन आणि आस ठरलेल्या मापांचे असतात. ते एका कंपनीचे दुसरीला बसतात आणि तालुक्याच्या गावीही मिळतात. नमुना मात्र बरोबर न्यायचा.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी सायकल उलटी करा. दिवाणखान्यातली शोभेची वस्तू नसेल ती, पण घरातल्या लेकीला शाळेत पोचवते आणि परत आणते. तिची एक दुपार आपल्याकडे नक्कीच निघते. आणि लेकीच्या हातात पाना द्यायला विसरू नका. उद्या वाटेत चाक खडखडलं, तर काय झालंय ते तिचं तिला कळलं पाहिजे.